रुग्ण बरे झाले, आता गरज नाही

माझ्या कामाला धड नाव नाही. ओळखपत्रावर जे छापलंय ते वाचून सोसायट्यांचे वॉचमन मला कधी विमावाला समजतात, कधी कुरिअरवाला. मी लोकांच्या घरी जुन्या वस्तू बघायला जातो. घरातलं जुनं सामान विकायचं असलं की लोक फोनवर जाहिरात टाकतात. आमची छोटी कंपनी ते सामान विकत घेते, अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीतल्या गोडाउनमध्ये आणते, पुसूनबिसून फोनवरच दुसऱ्या कुणाला तरी विकते. मधला माणूस मी. आधी विकणाऱ्याच्या घरी जाऊन वस्तूची अवस्था बघायची आणि तिचं वर्णन लिहायचं. पुढे घेणाऱ्याने तक्रार केली तर त्याच्याही घरी जायचं आणि आपण लिहिलं होतं ते खरं होतं का हे आपणच पुन्हा बघायचं. तक्रारींचे प्रकार अ‍ॅपमध्ये ठरलेले आहेत. सगळ्यात जास्त येतो तो 'वर्णनाप्रमाणे नाही'.

माझ्या थोरल्या बहिणीला हे काम समजावून सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे मुलगी बघायला जातात तसंच की रे." बरंचसं तसंच. चहा मिळतो, कधी पोहे मिळतात, आणि समोरचा सगळं चांगलंच सांगत असतो. फक्त ज्याला हे बघण्याचं काम जमलं, त्याचं स्वतःचं लग्न काही टिकलं नाही, असं ती पुढे म्हणाली नाही. तिच्या मनात आलं असेल. बोरिवलीत एक खोली आणि स्वयंपाकघर आहे, तिथे मी एकटा राहतो.

वस्तू बघायची म्हणजे काय, हे थोडं सांगतो. फ्रिज विकणाऱ्याकडे गेलात तर आधी पाणी मागा. गार पाणी आलं तर पुढे बोला. साधं आलं आणि 'आम्ही गार पीत नाही' असं उत्तर आलं, तर फ्रिज काल-परवापासून बंद आहे. कपडे धुण्याचं मशीन रिकामं फिरवून दाखवतात. रिकामी मशीनं सगळीच गुणी असतात. एक चादर भिजवून आत टाकायला सांगा आणि ते जागचं हलतंय का बघा. सोफ्याच्या फोटोत जिथे उशी ठेवलेली दिसते, ती उशी आधी उचला. खालच्या बाजूचा फोटो मागितला आणि समोरचा दोन दिवस गप्प बसला, तर उत्तर मिळालं असं समजा. व्यायामाचा चालता पट्टा, म्हणजे ट्रेडमिल, मात्र 'फारसा वापरलेला नाही' असं लिहिलेलं असेल तर बिनधास्त खरं माना. इतक्या वर्षांत त्या एका वस्तूबद्दल कुणी मला फसवलेलं नाही.

लोक मुद्दाम खोटं बोलतात असंही मी म्हणणार नाही. रोज बघून बघून त्यांना आपली वस्तू दिसेनाशी झालेली असते. घाटकोपरला एका गृहस्थांनी जेवणाचं टेबल 'नव्यासारखं' म्हणून टाकलं होतं. मध्यभागी इस्त्रीचा मोठा तपकिरी डाग.

"हा डाग?" मी विचारलं.

"तो पहिल्यापासून आहे," ते म्हणाले, आणि मनापासून म्हणाले.

घेणारेही काही कमी नसतात. पवईच्या एका तरुणाने सोफ्याचा रंग फोटोपेक्षा वेगळा आहे अशी तक्रार केली. मी जाऊन सोफा खिडकीशी ओढला, फोटो शेजारी धरला. रंग तोच. शेवटी तो हळूच म्हणाला, "काका, रंग ठीक आहे हो. बायकोला विचारलं नव्हतं." मी 'परत घ्यावा' असा शेरा मारला. अशा वेळी वस्तू वर्णनाप्रमाणे असते, घर वर्णनाप्रमाणे नसतं.

या कामाचा मला अभिमान होता. माझ्या वर्णनांवर तक्रारी फार कमी येत. गोडाउनची माणसं म्हणायची, "घागकाकांनी लिहिलंय ना? मग उचल, बघू नको." ते ऐकून मला बरं वाटायचं. आता ऐकलं की मी गाडीत सामान चढवायला पुढे होतो, म्हणजे कुणाशी बोलावं लागत नाही.

आमच्याकडे एक विभाग आजारी माणसांच्या सामानाचा आहे. चाकांच्या खुर्च्या, हवेच्या गाद्या, वॉकर, आणि हॉस्पिटलात असते तसली लोखंडी कॉट. तिच्या पायथ्याशी दोन हँडलं असतात. एक फिरवलं की पाठ उचलली जाते, दुसऱ्याने गुडघे. ही कॉट घरात येताना घरचे घाईत असतात. जाताना त्याहून घाईत असतात. ती किती दिवस होती हे विचारायचीही गरज पडत नाही, चाकांखालची लादी बघितली की कळतं. कॉट फार काळ एका जागी राहिली की लादीवर चार काळपट वळी उमटतात आणि ती कशानेच निघत नाहीत.

या सामानाच्या वर्णनात विक्रीचं कारणही द्यावं लागतं. तिथे मी नेहमी एकच ओळ लिहायचो. 'रुग्ण बरे झाले, आता गरज नाही.' भिंतीवर ताजा हार घातलेला फोटो असायचा, त्याच्यासमोर समई, मुलाच्या डोक्यावर नुकतेच उगवू लागलेले केस, आणि मी त्यांच्याच खुर्चीत बसून ही ओळ लिहायचो. पुष्कळदा घरचेच म्हणायचे, "तसंच लिहा हो. नाहीतर कोण नेणार?" खरंच आहे. आपल्याकडे माणूस गेला की त्याची गादी-उशी घरात ठेवत नाहीत. ज्याच्या घरात माणूस आजारी आहे, तो दुसऱ्याच्या मरणाची खाट कशाला आत घेईल? घेणारे सगळ्यात आधी हेच विचारतात. गंज नंतर, चाकं नंतर. आधी, "यावर कुणी गेलं नाही ना?"

एकदा मी ऑफिसात प्राजक्ताला विचारलं. ही आमची मॅनेजर, माझ्या अर्ध्या वयाची, कामाला चोख. म्हटलं, या ओळीचं काय करायचं?

"काका, गंज लिहा, चाक लिहा, ब्रेक लिहा," ती स्क्रीनवरची नजर न काढता म्हणाली. "आपण सामान विकतो. माणसं नाही."

मला ते पटलं. पटवून घेतलं म्हणा.

मुलुंड पश्चिमेला कांबळेबाईंकडे मी अशीच एक कॉट बघायला गेलो. बाई शाळेतून शिक्षिका म्हणून निवृत्त झालेल्या. दुसऱ्या मजल्यावरचं लहान, नीट घर, शोकेसवर पांढरी बुद्धमूर्ती, शेजारी नवऱ्याचा फोटो. कॉट दिवाणखान्यातच होती आणि तिच्यावर स्वच्छ धुतलेली चादर घडी घालून ठेवली होती.

मी वाकून बघत होतो तर त्या म्हणाल्या, "लादीच बघताय ना? बघा. दीड वर्ष इथेच होती."

मी हँडलं फिरवली, कठडे वरखाली केले, चाकांचे ब्रेक दाबून बघितले. मग नेहमीप्रमाणे विचारलं, "विकायचं कारण?"

"हे गेले. यावरच गेले. तसं लिहा."

"बाई, तसं लिहिलं तर कुणी घेणार नाही."

"तुम्ही हिची अवस्था लिहायला आलात ना? मग ही तिची अवस्थाच आहे."

"तसं कुणी लिहीत नाही हो."

"कारण विचारलंत ते तुम्हीच," त्या म्हणाल्या. आवाज चढवला नव्हता. वर्गात उत्तर चुकलेल्या मुलाशी बोलावं तशा बोलत होत्या. मग खुर्ची ओढून बसल्या. "शेवटी शेवटी जो येई तो यांना म्हणायचा, आज बरे दिसताय. यांना राग यायचा. सगळे गेल्यावर मला म्हणायचे, खरं फक्त तू बोलतेस. मी त्यांना कधी बरे दिसताय म्हटलं नाही. आता ते गेल्यावर कुठल्या तोंडाने म्हणू?"

"लिहितो," मी म्हणालो.

त्यांनी चहा केला. मी प्यायलो. खाली रिक्षात बसलो आणि लिहिलं, 'रुग्ण बरे झाले, आता गरज नाही.' विचार करून लिहिलं असतं तर निदान आठवण तरी राहिली असती. बोटाला सवय होती.

ती कॉट दिंडोशीच्या परबांकडे गेली. नितीन परब लिफ्टचं काम करणारा, पस्तिशीतला. पडून पाठीचं हाड मोडलं होतं. त्याची बायको सुवर्णा नोकरीला जाणारी, घरात तिसरं माणूस नितीनची आई. सुवर्णाचा फोन आला तेव्हा ती धावतपळत बोलत होती.

"काका, कॉट आजच मिळेल ना? तो खाली जमिनीवर आहे, कूस बदलायची तर दोघींनाही जमत नाही. आणि ऐका ना, आये विचारतेय, यावर कुणी गेलं नाही ना? मला काही नाही यार, पण तिला चालत नाही. ती आत येऊच देणार नाही."

"नाही हो," मी म्हणालो. "मुलुंडचे गृहस्थ होते. बरे होऊन हिंडतायत."

नुसतं 'नाही' म्हटलं असतं तरी तिचं काम झालं असतं. हिंडतायत हा शब्द तिने मागितला नव्हता. तो मी माझ्याकडचा घातला. फ्रिजच्या वर्णनात 'सुस्थितीत' घालावा तसा.

कॉट पोचवायला मी बरोबर गेलो होतो. नितीनची आई दारातच उभी होती. ठेंगणी, काटक, नऊवारी नेसलेली, मालवणकडची. गिरणीत काम करणाऱ्या नवऱ्याबरोबर मुंबईत आली आणि इतक्या वर्षांतही तिची भाषा जराही बदललेली नव्हती.

"हिंडतत ना ते?" तिने मलाच पुन्हा विचारलं.

"हो आजी."

तेव्हा ती बाजूला झाली. कॉट लावल्यावर तिने आतून हळदकुंकू आणलं आणि उशाकडच्या दांड्याला बोट लावलं.

पावसाळा गेला, दिवाळी गेली. मग सुवर्णाचा फोन, कॉट घेऊन जा. गेलो तर दार नितीनने उघडलं. काठी हातात होती, पण उभा होता. मला म्हणाला, "काका, कंडिशन लिहून घ्या. चालू."

"कॉटची की तुमची?"

"दोघांची लिहा. एकत्र विकायला काढा, बायको खूश होईल."

आतून सुवर्णा म्हणाली, "तुला कोण घेणार?" सगळे हसले. मीही हसलो. एखाद्या कॉटसाठी ती कारणाची ओळ आयुष्यात पहिल्यांदा खरी लिहायला मिळत होती आणि मी फोन हातात घेऊन तसाच बसून राहिलो, कारण आजी माझ्यासमोर येऊन बसली होती.

"माका त्या मुलुंडच्या माणसाक भेटूचा आसा," ती म्हणाली. "तेनी बरा होवन कॉट दिली म्हणान माझो झील उठलो. तेका नारळ देवचो आसा. नाव काय तेंचा?"

आडनाव मला माहीत होतं. नाव माहीत नव्हतं. व्यवहार बाईंच्या नावावर झाला होता, आणि ज्याच्यासाठी कॉट आली त्याचं नाव आम्ही विचारतच नाही.

"कांबळे," मी म्हणालो. "पण आजी, कंपनी पत्ता द्यायला परवानगी देत नाही."

"पत्तो नको देव. तुमीच घेवन चला."

कॉट त्या दिवशी गोडाउनमध्ये आणली, पण मुलुंडचं मी 'आज कामं आहेत, उद्या बघू' असं करत राहिलो. आजीने सुवर्णाकडून माझा नंबर घेतला आणि दोन-चार दिवसांनी फोन करू लागली. आधी विचारायची, "जेवलास काय?" मग काय जेवलो ते विचारायची. भात एकदाच लावून दोन्ही वेळा खातो म्हटलं तर रागवायची. मग हळूच, "मुलुंडाक कधी जावचा?"

इथे एक गोष्ट कबूल करायला हवी. मला ते फोन हवे होते. माझा फोन दिवसभर वाजतो, पण जो तो फ्रिजबद्दल विचारतो. मी जेवलो का, हे विचारणारा तो एकच आवाज होता. खरं सांगितलं की तो बंद होणार हे मला दिसत होतं. त्यामुळे मी खरं सांगत नव्हतो आणि खोटंही निभावत नव्हतो. नुसता दिवस पुढे ढकलत होतो.

आणि मग मला एक मार्ग सुचला. सुचला याची अजून लाज वाटते.

घाटकोपरला दिवेकर म्हणून एक गृहस्थ आहेत. खुब्याचं हाड मोडून अंथरुणाला खिळले होते आणि खरोखर बरे झाले. त्यांची चाकांची खुर्ची आम्हीच घेतली होती. मी त्यांना फोन केला. म्हटलं, एक आजी आहेत, त्यांना बरा झालेला माणूस बघायचाय, तुम्ही फक्त खुर्चीच्या जागी कॉट म्हणायचं.

"एवढंच?" दिवेकर म्हणाले. "अहो घाग, मी आयुष्यभर विमा विकलाय. आणा त्यांना."

"आणि तुमचं आडनाव कांबळे सांगावं लागेल."

"सांगू. दारावरची पाटी काढून ठेवतो. नारळ चांगला मोठा आणायला सांगा, वड्या करू."

ठरलं. घाटकोपर की मुलुंड, हे आजीला कळणार नव्हतं. रविवारी सकाळी मी दिंडोशीला रिक्षा घेऊन गेलो. आजी तयारच होती. इरकली लुगडं, हातात कापडी पिशवी, पिशवीत नारळ आणि स्टीलचा डबा.

"तेंका घावने खावक चलतीत मा?" रिक्षात बसता बसता तिने विचारलं. मी चालतील म्हटलं.

महामार्गाने खाली येऊन आम्ही पवईच्या रस्त्याला लागलो. आजी बाहेर बघत होती. तलाव आला तेव्हा म्हणाली, "ह्या पाण्यात मगरी आसत म्हणतत. खरा काय?"

"आहेत म्हणतात."

मग तिने पिशवी मांडीवर सरळ करून ठेवली आणि रस्त्याकडे बघतच सांगू लागली. नितीन हलत नव्हता ते दिवस. डॉक्टरही काही सांगेनात. सुवर्णा कामाला गेली की घरात ती आणि तो. "देवाक किती सांगतलय. देव काय उत्तर देणा नाय. मगे मी त्या कॉटीक हात लावन सांगी. म्हणी, त्या मुलुंडच्या माणसासारखो हिंडूंदे. रोज सांगी. तेका मी बघूक नाय, पण तो माझ्या डोळ्यासमोर हिंडताना दिसायचो. पांढरी पँट, पांढरो शर्ट. तसो आसा काय ओ तो?"

शोकेसवरच्या फोटोतल्या माणसाने चौकटीचा शर्ट घातला होता.

पवईचा रस्ता जिथे संपून मोठ्या रस्त्याला मिळतो, तिथे डावीकडे वळलं की भांडुप आणि मुलुंड, उजवीकडे घाटकोपर. सिग्नल लागला होता. रिक्षावाल्याने मान मागे वळवली.

"काका, लेफ्ट का राइट?"

उजवीकडे दिवेकर पाटी काढून बसले होते. आजी नारळ देणार, दिवेकर घावने खाणार, चार विनोद करणार, आणि येताना आजी मला म्हणणार, बरो माणूस आसा हां. फोन चालू राहणार. सिग्नल हिरवा झाला. मागच्या गाड्या भोंगे वाजवू लागल्या.

"बोलो ना काका."

"लेफ्ट," मी म्हणालो.

कांबळेबाईंच्या इमारतीच्या फाटकाशी उतरलो आणि तिथेच, आजीने पिशवी सावरायच्या आत, मी सांगून टाकलं. ते गृहस्थ बरे झाले नव्हते. त्याच कॉटवर गेले. बाईंनी मला तसं लिहायला सांगितलं होतं. मी लिहिलं नाही, आणि तुम्ही विचारलंत तेव्हाही सांगितलं नाही.

मला वाटलं होतं आजी रडेल, किंवा शिव्या घालेल, किंवा अपशकुन झाला म्हणून परत फिरेल. तिने यातलं काहीही केलं नाही.

"हिंडतत म्हणालास," ती म्हणाली.

"हो."

"मेलो नाय इतक्याच सांगलास असता तर चललाच असता. माझी सून अडलेली. तां मी समाजलंय. पण हिंडतत कित्याक म्हणालास?"

मी रिक्षावाल्याचे पैसे मोजू लागलो.

"खयचो माळो?"

"दुसरा. चला, मी सोडतो."

"तुमी हयच बसा," ती म्हणाली आणि कठड्याला धरून जिना चढू लागली.

मी वॉचमनजवळच्या बाकावर बसलो. समोर रहिवाशांच्या नावांचा फळा होता. दुसऱ्या मजल्यावर 'वसंत रा. कांबळे'. तेव्हा मला त्यांचं नाव कळलं.

"कांबळेंकडे गेल्या का आजी?" वॉचमनने विचारलं. "साहेब तर वारले ना. बाई एकट्याच असतात."

"माहीत आहे," मी म्हणालो.

"तुम्ही नाही गेलात वर?"

"नाही."

ऊन बाकावर येऊन पायापर्यंत सरकलं. वरून बोलण्याचा आवाज येत नव्हता. एकदा दोघी गॅलरीत आल्या. कांबळेबाईंनी खाली माझ्याकडे बघितलं, मी उठून उभा राहिलो. त्या आत गेल्या. थोड्या वेळाने वरून काहीतरी वाटल्याचा, मिक्सरचा आवाज आला. वर ये असं कुणी म्हटलं नाही. मी लोकांच्या घरी जाऊन चहा पिणारा माणूस, आणि त्या दिवशी एका घराच्या खाली बसून वरच्या भांड्यांचे आवाज ऐकत होतो.

आजी उतरली तेव्हा पिशवी रिकामी होती. डबा धुऊन दिलेला. परतीची रिक्षा पवईला आली. मग तिने विचारलं, "घराक कोण असता तुमच्या?"

"कोणी नाही. एकटाच असतो."

तिने मान हलवली. "मगे ही सवय खयसून लागली? एकट्या माणसाक खोटा बोलूक तरी कोण गावता?"

ती टोमणा मारत नव्हती. तिला खरंच कळत नव्हतं. दिंडोशीला उतरताना तिने मला जप असं म्हटलं. त्यानंतर तिचा फोन आलेला नाही. दिवेकरांना मी कळवायचं विसरलो होतो. संध्याकाळी त्यांचाच फोन आला, पाटी परत लावू का म्हणून.

सोमवारी गोडाउनमध्ये जाऊन मी कॉटचं वर्णन नव्याने लिहिलं. 'लोखंडी कॉट. पायाकडचं एक हँडल जड फिरतं. डाव्या कठड्याचा रंग उडाला आहे. एका चाकाचा ब्रेक सैल. या कॉटवर मुलुंडचे एक गृहस्थ शांतपणे गेले. त्यानंतर दिंडोशीचा एक तरुण याच कॉटवरून बरा होऊन उठला.'

प्राजक्ताने वाचलं आणि खुर्ची वळवली. "काका, वाट लावणार तुम्ही. हे कोण घेणार?"

"मी उत्तरं देतो. माझा नंबर टाक."

"आणि बाकीच्या कॉट?"

"त्याही. यापुढे जसं आहे तसं."

ती पुन्हा स्क्रीनकडे वळली. मग म्हणाली, "बरं. पण जागा अडतेय. उन्हाळ्यापर्यंत नाही गेली तर भंगारात देणार. मग मला बोलायचं नाही."

मी ते वर्णन कांबळेबाईंच्या फोनवर पाठवलं. सोबत काही लिहिलं नाही. माफी मागावी असं खूप वाटलं, पण मी लिहिलेल्या शब्दांवर त्यांनी आता का विश्वास ठेवावा? दोन दिवस काही आलं नाही. तिसऱ्या दिवशी मी एका मशीनमध्ये ओली चादर टाकून फिरवून बघत होतो तेव्हा फोन वाजला.

"घाग ना? कांबळे बोलतेय. वाचलं मी."

"हो, बाई."

"हँडल जड नाही. आधी थोडं उलटं फिरवून मग सुलटं फिरवायचं. यांनीच शोधून काढलं होतं. तेवढं लिहा, घेणाऱ्याला उपयोगी पडेल."

"लिहितो."

"त्या आजींनी नारळ दिला. आमच्याकडे तसलं काही करत नाहीत, म्हटलं त्यांना. त्या म्हणाल्या, मग चटणी करा. केली. घावने होतेच." मग म्हणाल्या, "त्यांच्या मुलाला बरं वाटलं, ऐकून चांगलं वाटलं."

मी मशीन बंद केलं. त्या अजून फोनवर होत्या.

"आणि शांतपणे नाही गेले हो ते," त्या म्हणाल्या. "तुम्ही होतात का तिथे?"

"नाही."

"मग तो शब्द काढा."

मी काढला. वाक्य लहान झालं.

कॉट अजून गोडाउनमध्ये आहे. अधूनमधून मी तिचं हँडल आधी उलटं, मग सुलटं फिरवून बघतो. फोन येतात. लोक वर्णन नीट वाचत नाहीत, त्यामुळे विचारतातच, "यावर कुणी गेलं नाही ना?" मी म्हणतो, गेले आहेत, वसंत कांबळे त्यांचं नाव. मग पलीकडे थोडा वेळ कुणी बोलत नाही. तेवढ्यात एखादा बरा शब्द माझ्या जिभेवर येतो. तो मी गिळतो, आणि पलीकडून फोन ठेवला जाईपर्यंत थांबतो.